अटलांटिकपार स्वनातीत प्रवासी विमानसेवा : सुरुवातीची वर्षे

ध्वनीपेक्षा अधिक वेगाने अटलांटिक महासागर ओलांडणारी नियमित प्रवासी सेवा १९७६ साली काँकॉर्ड या ब्रिटिश-फ्रेंच विमानाने सुरू झाली. २००३ मध्ये ती बंद पडेपर्यंत दुसरे कोणतेही प्रवासी विमान तिच्यात उतरले नाही. येथे मुख्यतः १९७६ ते १९८२ या काळाचा विचार केला आहे. सेवा सुरू होईपर्यंत वेगाचा प्रश्न सुटलेला होता. विमान कुठून कुठे आणि कसे उडेल, हे ठरवले ते इंधनाच्या हिशेबाने आणि आवाजाने.

अमेरिकेने १९७३ मध्ये आपल्या भूमीवरून नागरी विमानांच्या स्वनातीत उड्डाणाला बंदी घातली. त्याच वर्षी ३१ जानेवारीला पॅन अ‍ॅम आणि टीडब्ल्यूए या कंपन्यांनी काँकॉर्ड विकत घेण्याचे आपले राखीव हक्क सोडले. पाठोपाठ बाकीचे संभाव्य ग्राहकही गळाले. त्यांत दोन विमानांसाठी नाव नोंदवलेली एअर इंडियाही होती. उरल्या ब्रिटिश एअरवेज आणि एअर फ्रान्स, दोन्ही सरकारी मालकीच्या. त्यांच्याकडे मिळून १४ विमाने आली.

पहिली दोन व्यावसायिक उड्डाणे २१ जानेवारी १९७६ रोजी एकाच वेळी झाली. ब्रिटिश एअरवेजचे विमान लंडनहून बहारीनला गेले, तर एअर फ्रान्सचे पॅरिसहून डकारमार्गे रिओ द जानेरोला. म्हणजे अटलांटिक पहिल्यांदा ओलांडला गेला तो दक्षिणेकडे; उत्तर अटलांटिकच्या गाजावाजात हे सहसा विसरले जाते. डकारचा थांबा केवळ इंधनासाठी होता, कारण विमानाचा पल्ला सुमारे ६,५०० किमी आणि पॅरिस-रिओ अंतर ९,००० किमीच्या वर. एप्रिलमध्ये सुरू झालेली पॅरिस-काराकास सेवाही याच कारणाने अझोर्स बेटांतील सांता मारियाला उतरे.

अमेरिकेचे वाहतूकमंत्री विल्यम कोलमन यांनी ४ फेब्रुवारी १९७६ रोजी वॉशिंग्टन आणि न्यूयॉर्कसाठी १६ महिन्यांची प्रायोगिक परवानगी दिली. वॉशिंग्टनचा डलेस विमानतळ संघराज्य सरकारचाच असल्याने तिथे अडचण आली नाही. २४ मे रोजी लंडन आणि पॅरिसहून आलेली दोन विमाने तिथे दोन मिनिटांच्या अंतराने उतरली आणि नाकाला नाक लावून उभी केली गेली. न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ मात्र स्थानिक पोर्ट अथॉरिटीच्या ताब्यात होता आणि तिने आवाजाच्या कारणावरून मार्चमध्येच काँकॉर्डला मज्जाव केला होता. हा वाद न्यायालयात दीड वर्ष चालला. ऑक्टोबर १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी टिकवण्यास नकार दिला, १९ तारखेला चाचणी-विमान उतरले आणि २२ नोव्हेंबरला नियमित सेवा सुरू झाली.

विमानाचे कमाल उड्डाणवजन सुमारे १८५ टन होते. टाक्यांत सुमारे ९५ टन इंधन मावे, तर १०० प्रवासी आणि त्यांचे सामान मिळून भरे साधारण १० टन. धावपट्टीपर्यंत जातानाच दीड टनाच्या आसपास इंधन जळे. रीहीट, म्हणजे इंजिनाच्या झोतात जादा इंधन जाळून मिळणारा जोर, उड्डाणावेळी वापरून आवाज कमी करण्यासाठी सव्वा मिनिटाच्या आसपास बंद केला जाई. लंडनहून निघालेले विमान ब्रिस्टलच्या खाडीपर्यंत माख ०.९५ ने, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.९५ पटीने, जाई. खाली समुद्र आला की रीहीट पुन्हा पेटे. प्रवाशांना धक्का जाणवू नये म्हणून इंजिने जोडीजोडीने. माख १.७ ला तो बंद होई आणि पुढे माख २ चा वेग साध्या इंजिनजोरावर टिके. इंधन जळून विमान हलके होई, तसे ते ५०,००० फुटांवरून ६०,००० फुटांकडे सावकाश चढत राही. इतर विमाने बरीच खाली असल्याने या उंचीवरचे मार्ग कायमचे आखून ठेवता आले. खालच्या मार्गांसारखे ते वाऱ्यानुसार रोज बदलावे लागत नसत.

इंधनाचे दुसरे काम तोल राखण्याचे. वेग ध्वनीपलीकडे जाताना पंखांवरील उचल मागे सरकते आणि नाक खाली जाऊ पाहते. ते नियंत्रणपृष्ठांनी, म्हणजे पंखांच्या हलत्या भागांनी, सावरले तर हवेचा अवरोध वाढतो. म्हणून उड्डाण अभियंता सुमारे २० टन इंधन पुढून शेपटीतल्या टाकीत पाठवी आणि उतरण्याआधी पुन्हा पुढे आणी. नाकाच्या टोकाचे तापमान १२७ अंश सेल्सियसच्या वर जाऊ द्यायचे नसे. वरची हवा उबदार असेल तर वेगच आवरावा लागे. तापून विमानाची लांबी १५ ते २५ सेंमी वाढे. उड्डाण अभियंत्याचे नियंत्रणफलक आणि मागची भिंत यांच्यामध्ये एरवी नसलेली, हात जाईल एवढी फट तेव्हा पडे. विमान थंडावले की ती मिटे.

वाटेत इंजिन बंद पडले तर विमानाला खाली येऊन अवस्वनी, म्हणजे ध्वनीपेक्षा कमी, वेगाने जावे लागे. तसे झाल्यास पल्ला घटे, म्हणून आयर्लंडमधील शॅनन, कॅनडातील गँडर आणि हॅलिफॅक्स यांसारखे पर्यायी विमानतळ हिशेबात धरलेले असत. पॅरिस-वॉशिंग्टन तर पल्ल्याच्या काठावरचेच अंतर होते.

न्यूयॉर्कहून निघताना ११२ पीएन डेसिबलची (कानाला जाणवणाऱ्या गोंगाटाचे माप) मर्यादा पाळावी लागे. ‘३१ डावी’ या क्रमांकाच्या धावपट्टीवरून उडाल्यावर सुमारे १०० फुटांवरच विमान डावीकडे जमैका उपसागराच्या दिशेने वळे. ठरलेल्या सेकंदाला रीहीट बंद करून जोर कमी केला जाई. बाहेरून धाडसी दिसणारी ही कृती मोजूनमापून बसवलेली होती. ती यशस्वी झाल्यावर न्यूयॉर्कच्या विरोधाचा मुख्य आधारच गेला.

खरा कच्चा दुवा टायरचा होता. त्रिकोणी पंखांना फ्लॅप, म्हणजे कमी वेगात उचल वाढवणाऱ्या झडपा, नसल्यामुळे जमीन सोडताना वेग ताशी ३७० किमीच्या आसपास जाई. एखाद्या टायरमधला दाब कमी असला की शेजारच्यावर भार पडे, तो तापे आणि फुटे. १४ जून १९७९ रोजी डलेसहून उडताना एअर फ्रान्सच्या विमानाचे दोन टायर फुटले. तुकड्यांनी इंधनटाक्यांना भोके पडली, हायड्रॉलिक नळ्या तुटल्या आणि एका इंजिनाला इजा झाली. विमान परत उतरले, कोणी दगावले नाही. त्यानंतर टायरचा दाब तपासण्याचे नियम कडक झाले. पण टाक्यांना आतून अस्तर लावले गेले ते २००० सालच्या पॅरिसजवळच्या काँकॉर्ड अपघातानंतरच.

जानेवारी १९७९ पासून अमेरिकेच्या ब्रॅनिफ कंपनीने वॉशिंग्टनला आलेली हीच विमाने डॅलसपर्यंत चालवली, अर्थात माख ०.९५ ने. डलेसला प्रत्येक वेळी शेपटीकडच्या नोंदणीक्रमांकाचा देशदर्शक भाग झाकून विमान कागदोपत्री अमेरिकन केले जाई. पुरेसे प्रवासी न मिळाल्याने १९८० मध्ये हा प्रयोग संपला. वॉशिंग्टन-मेक्सिको सिटी मार्गावर विमान फ्लोरिडापाशी वेग कमी करी आणि मेक्सिकोच्या आखातावर पुन्हा वाढवी; एका फेरीत दोनदा रीहीट म्हणजे इंधनाचा चुराडाच. तेलाचे भाव चढल्यावर एअर फ्रान्सने १९८२ मध्ये रिओ, काराकास, मेक्सिको आणि वॉशिंग्टन हे मार्ग बंद करून न्यूयॉर्क तेवढे ठेवले. ब्रिटिश एअरवेजने वॉशिंग्टन चालू ठेवले आणि १९८४ मध्ये सेवा मायामीपर्यंत वाढवली, कारण तिथे जाताना किनाऱ्यापासून दूर, समुद्रावरून स्वनातीत वेग घेता येत होता.