सारण वेगळं, पाव वेगळा: सँडविच भरण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडून चटणी, पेराद (पेरूची वडी) किंवा बाल्चांव (कोळंबीचं तिखट-आंबट गोवन लोणचं) नेलेली मंडळी दोन दिवसांनी परत येतात ती बहुधा एकाच तक्रारीसह: पावाचा लगदा झाला, मुलानं डबा तसाच परत आणला. थोडी चौकशी केली की कळतं, सँडविच आदल्या रात्री भरून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. सारण बिघडलेलं नसतं, पावही ताजाच नेलेला असतो. घोटाळा त्या रात्रीत होतो.

पाव भाजताना पिठातला स्टार्च पाणी धरून फुगतो. थंड झाल्यावर तो हळूहळू पुन्हा आवळत जातो, आणि पाव शिळा लागतो तो मुख्यतः यामुळे. ही क्रिया फ्रिजच्या तापमानात, म्हणजे 4 अंशांच्या आसपास, फार वेगानं होते. म्हणून ओट्यावर कपड्यात गुंडाळलेला पाव सकाळी खाण्यासारखा असतो आणि फ्रिजमधला चामट होतो. त्यात सारण भरलेलं असेल तर रात्रभर त्यातलं पाणी पावात उतरत राहतं. काकडी आणि टोमॅटो म्हणजे तर जवळजवळ पाणीच, वर मीठ भुरभुरलं की ते पाच मिनिटांत सुटायला लागतं. मग वरून चामट आणि आतून लगदा, असा दुहेरी प्रसाद मिळतो.

रात्री करायचं ते एवढंच: सारण घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये, पाव बाहेर सुती कपड्यात. उठल्या उठल्या बटर बाहेर काढा. चहा होईपर्यंत ते मऊ पडतं. भरायला पाच मिनिटं पुरतात.

बटर चवीसाठी असतंच, पण डब्याच्या सँडविचमध्ये त्याचं खरं काम पाणी अडवण्याचं. प्रत्येक स्लाइसला सपाट एक चमचा, साधारण 5 ग्रॅम, आणि ते कडेपर्यंत. मधोमध गोळा फासून कडा कोरड्या सोडल्या की पाणी तिथूनच शिरतं. 400 ग्रॅमच्या ब्रेडला 100 ग्रॅम बटर धरा. घरच्या लोण्यात ताकाचा अंश असतो, ते या कामाला येत नाही. ते गरम पोईवर (गोव्याचा कोंडा लावलेला पाव) खा. काकडी चिरून मीठ लावा, दहा मिनिटांनी हातानं पिळा, कपड्यानं टिपा आणि मगच ठेवा. टोमॅटोच्या बिया आणि गर काढून टाका.

आता हिरव्या चटणीचं. कृती लपवण्यासारखी नाही. एक मध्यम नारळ खवून, कोथिंबिरीची एक जुडी (धुऊन पूर्ण सुकवलेली), चार हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं, एक चमचा साखर, चवीपुरतं मीठ, अर्ध्या लिंबाचा रस. यात दहा-बारा सँडविच होतात. घरी ती पातळ होते कारण मिक्सरचं पातं फिरेना म्हणून दोन चमचे पाणी घातलं जातं. पाणी नको. आधी कोथिंबीर, मिरची, आलं लिंबाच्या रसात वाटा, खोबरं शेवटी घालून मिक्सर थांबवत थांबवत फिरवा. एकसारखा चालू ठेवला तर खोबरं तापून दूध सोडतं. तयार चटणीत दोन मोठे चमचे मऊ बटर कालवलं की ती पावाला धरून बसते. आमच्या डब्यातली चटणी हॉटेलातल्यापेक्षा घट्ट का, याचं उत्तर हेच.

वाढदिवसाच्या तिरंगी सँडविचला चार स्लाइस लागतात: एका थरात ही चटणी, दुसऱ्यात गाजर-चीज, तिसऱ्यात बीट. बीट किसून पिळून बटरमध्ये कालवावं लागतं, नाहीतर गुलाबी रंग तिन्ही थरांत पसरतो. ऑर्डर चोवीस तास आधी आणि किमान 25 नगांची घेतो. कमी का नाही, असं विचारतात. तीन सारणं करायला 10 नगांना लागतो तेवढाच वेळ 50 नगांना लागतो. कापलेले तुकडे ताटात मांडल्यावर पिळून काढलेल्या ओलसर मलमलीनं झाका, पंख्याखाली उघडे ठेवले तर अर्ध्या तासात कडा वळतात. ओल्या नारळाची चटणी भरल्यापासून दोन तासांत संपवा. मार्च ते मे या दिवसांत आम्ही ती शाळेच्या डब्यासाठी देत नाही, कितीही आग्रह केलात तरी. उकाड्यात ती साडेदहाच्या सुट्टीपर्यंत आंबते.

डब्यात टिकणाऱ्यांमध्ये पेरादचा हात कोणी धरत नाही. पेरूचा गर साखरेत आटवून केलेली ही वडी नाताळच्या कुस्वादात, म्हणजे फराळात, सगळ्यांना ठाऊक असते, पण पावात घालायचं फार थोड्यांना सुचतं. 3-4 मिलिमीटर जाडीचे काप करा, त्याहून जाड झाले तर नुसतं गोड लागतं. खारं बटर हवंच. चीजची चकती घातलीत तर आणखी बरं. ब्राझीलमध्ये याच पेरूच्या वडीची पांढऱ्या चीजशी जोडी इतकी मुरलेली आहे की तिला 'रोमिओ आणि ज्युलिएट' म्हणतात. पेराद रात्री भरून ठेवली तरी फारसं बिघडत नाही, फक्त फ्रिजबाहेर ठेवा.

बाल्चांव नुसतं पावाला लावू नका. एक भाग बाल्चांव, तीन भाग बटर, वर आलेलं तेल आधी निथळून घ्या. मिस्कुटाचंही (कैरीचं लोणचं) असंच: फोड बारीक चिरा, चमचाभर खार बटरमध्ये कालवा, सोबत उकडलेल्या अंड्याच्या चकत्या. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किस्मूर मात्र डब्यात चालत नाही. खोबरं आणि कांदा लागल्यावर सुंगटांचा कुरकुरीतपणा काही मिनिटांचाच, म्हणून आम्ही भाजलेली सुंगटं वेगळ्या पुडीत देतो. पुडी फोडा, कालवा, भरा आणि तिथेच खा. चोरीस (डुकराच्या मांसाचं मसालेदार गोवन सॉसेज) नीट परतली की तिची चरबीच बटरचं काम करते, तिथे वर बटर घालणं म्हणजे पैसे वाया.

पाव कोणता, हाही प्रश्न येतो. ओलसर सारणाला उंडो हा गोल पाव, त्याचं कवच टणक असतं. पोई आतून पोकळ, एका बाजूनं चीर देऊन खिशासारखी भरता येते, त्यामुळे सारण सांडत नाही. पातळ भाजी कशातच भरू नका, ती बुडवूनच खायची. पोदेराकडून (पाववाल्याकडून) घेतलेला गरम पाव लगेच कापलात तर सुरीला पीठ चिकटतं, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलात तर स्वतःच्याच वाफेनं ओला होतो. पूर्ण निवू द्या. गुंडाळायला आम्ही बटर पेपर वापरतो. वर्तमानपत्राची शाई अन्नात उतरते, म्हणून कोणी मागितलं तरी त्यात बांधून देत नाही.

शेवटी, 'लहानपणी खायचो तसं द्या' म्हणणाऱ्यांसाठी. मागणी बहुतेक दोनच गोष्टींची असते: लोणी-साखर लावलेला पाव आणि चून, म्हणजे खोबरं-गुळाचं सारण, भरलेली पोई. साखर पावातलं पाणी ओढून घेते आणि अर्ध्या तासात तिचा पाक होतो, दाताखाली कचकच उरत नाही. तो पाव चुलीशेजारी उभ्या उभ्या खायचा होता, डब्यात जायचाच नव्हता. त्यामुळे तो आम्ही विकत नाही. साखर जाडी घ्या आणि घरीच खा. चून मात्र प्रवासाला चांगला, अट एवढीच की तो कोरडा हवा. दोन वाट्या खोबऱ्याला एक वाटी किसलेला माडाचा गूळ, चिमूटभर मीठ, वेलची. मंद आचेवर परतत राहा. गूळ आधी पाघळेल, मग सारण कढईची कड सोडेल, तिथून आणखी तीन-चार मिनिटं. कड सोडल्याबरोबर उतरवलेला चून दुपारी पोईतून झिरपतो. पूर्ण गार झाल्यावरच भरा.

हे सगळं करायला सकाळी वेळ नसेल तर चून, पेरादचे काप आणि बाल्चांव-बटर भरण्याच्या मापात तयार मिळतात. आदल्या संध्याकाळी सहापर्यंत सांगा, सकाळी सातपासून न्या. भरलेलं सँडविच सातच्या आधी मागू नका. त्याआधी द्यायचं तर आम्हालाही ते रात्रीच भरावं लागेल.