स्वकीयांसाठीचं पाचारण: असिरियन सुवार्ताकार्याची पार्श्वभूमी

असिरियन म्हणजे इराण, इराक आणि तुर्कस्तानच्या सीमाभागातला सिरियाक परंपरेचा ख्रिस्ती समाज. त्यांतला माणूस ‘आपल्याच लोकांत सुवार्ता सांगायचं पाचारण’ असं म्हणतो, तेव्हा बाहेरच्याला प्रश्न पडतो: हे लोक तर सुरुवातीच्या शतकांपासून ख्रिस्ती, मग त्यांना सुवार्ता कसली? उत्तर शोधायचं तर वायव्य इराणात, उर्मिया सरोवराच्या पश्चिमेकडच्या खेड्यांत जावं लागतं.

असिरियन लोकांची ‘पूर्वेची मंडळी’ (त्यांचं प्राचीन चर्च) एकेकाळी फार दूरवर पोचली होती. 635 साली तिचा धर्मप्रचारक अलोपेन चीनच्या राजधानीत होता. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या व्यापाऱ्याने भारतातल्या ‘कल्लियाना’ इथे इराणहून नेमलेला बिशप असल्याची नोंद केली. हे ठिकाण म्हणजे आपलं कल्याण, असं अनेक अभ्यासक मानतात. चौदाव्या शतकानंतर मात्र ही मंडळी आक्रसत हक्कारीचे डोंगर, मोसुलचा परिसर आणि उर्मियाचं मैदान एवढ्यापुरती उरली. कुलपित्याची, म्हणजे मंडळीच्या सर्वोच्च प्रमुखाची, गादी एकाच घराण्यात काकाकडून पुतण्याकडे जाऊ लागली. उपासना जुन्या सिरियाक भाषेत चाले, पण घराघरांत बोलली जाई ती ‘सूरेत’ नावाची आजची बोली. शुभवर्तमानाचं वाचन दर रविवारी होई आणि ऐकणाऱ्या शेतकऱ्याला त्यातलं फारसं कळत नसे. पाचारणाची गरज इथून निर्माण झाली. श्रद्धा टिकून होती, तिचे शब्द मात्र लोकांपासून दुरावले होते.

1835 साली अमेरिकन मिशनरी जस्टिन पर्किन्स आणि डॉक्टर असाहेल ग्रँट उर्मियाला स्थायिक झाले. त्यांना पाठवणारी ‘अमेरिकन बोर्ड’ ही मिशन संस्था मराठी वाचकाला परकी नाही. 1813 पासून मुंबईत आणि पुढे अहमदनगरला काम करणारी संस्था तीच. जानेवारी 1836 मध्ये सात मुलांवर शाळा सुरू झाली. छापील पुस्तक एकही नव्हतं, म्हणून हाताने लिहिलेले तक्ते भिंतीवर टांगत आणि मुलं त्यांच्यासमोर उभी राहून वाचत. छापखाना आणायचा पहिला प्रयत्न फसला, कारण त्या अवजड यंत्राला डोंगरवाटांवरून नेणं शक्य नव्हतं. 1840 साली एडवर्ड ब्रेथ सुटे भाग करून घोड्यांवर लादता येईल असा छापखाना घेऊन आला, तेव्हा काम मार्गी लागलं.

नवा करार 1846 मध्ये आणि जुना करार 1852 मध्ये छापला गेला. दोन्हींच्या पानावर शेजारी शेजारी दोन स्तंभ होते: एकात पेशित्ता, म्हणजे बायबलचं प्राचीन सिरियाक भाषांतर, दुसऱ्यात बोलीभाषा. आमच्या मते या कामातली सर्वांत शहाणी गोष्ट हीच. गावचा काशा, म्हणजे धर्मगुरू, नवी ओळ आपल्या पूर्वजांच्या ओळीशी पडताळून पाहू शके. याच मिशनचं मराठी नियतकालिक ‘ज्ञानोदय’ 1842 साली निघालं, तर उर्मियाचं बोलीभाषेतलं नियतकालिक ‘झहरिरे द-बाहरा’ (प्रकाशाचे किरण) 1849 साली.

1843 मध्ये फिडेलिया फिस्क यांनी मुलींची निवासी शाळा उघडली, तेव्हा मार योहन्नान या बिशपांनी दोन मुली आणून दिल्या. जानेवारी 1846 मध्ये मुलांच्या आणि मुलींच्या दोन्ही निवासी शाळांत संजीवन, म्हणजे श्रद्धेची नवी जागृती, आलं, आणि खरा सुवार्तिक वर्ग तिथून उभा राहिला. सुटीत विद्यार्थी घरी जात आणि आईवडिलांना वाचून दाखवत. तेर्गावर या डोंगराळ भागातला शमाशा (डीकन) गुवर्गिस मुलीला भेटायला शाळेत आला, तिथे त्याचं मन पालटलं आणि तो पुढे डोंगरी खेड्यांतून सुवार्ता सांगत फिरला. परक्या मिशनऱ्याला वर्षं लागली असती, असं काम नात्यागोत्याच्या वाटेने महिन्यांत झालं.

याच कामात एक मोठी फूटही पडली. जुन्या मंडळीला आतून जागं करायचं, वेगळी मंडळी काढायची नाही, असा सुरुवातीचा संकल्प होता. पण उपास, संतांची मध्यस्थी आणि कुलपित्याचा अधिकार यांवरून ताण वाढला. 1850 च्या दशकात मिशनच्या अनुयायांचं प्रभुभोजन वेगळं होऊ लागलं आणि 1862 पर्यंत त्यांची स्वतंत्र सभाही भरली. त्यात रोमन कॅथलिक, 1886 पासून अँग्लिकन आणि 1898 पासून रशियन ऑर्थोडॉक्स मिशनची भर पडली. एकाच गावात अनेक निष्ठा निर्माण झाल्या, आणि ‘आपले लोक’ म्हणजे नेमके कोण, हा वाद आजही सुवार्तिकाच्या दारात उभा असतो.

पहिल्या महायुद्धात 1915 चा असिरियनांचा संहार, मार्च 1918 मध्ये कुलपिता मार बेन्यामिन शिमुन यांची हत्या, मग हमदानमार्गे इराकमधल्या बकुबाच्या छावणीकडे पलायन: उर्मियाचं सगळं काम उखडलं गेलं. त्याआधीच अमेरिकेला गेलेला, पाळकाचा मुलगा अँड्र्यू उर्शान शिकागोत पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पंथाचा) झाला होता. 1914 मध्ये तो स्वजनांसाठी उर्मियाला परतला आणि युद्धाच्या धामधुमीत त्याला रशियामार्गे निघावं लागलं. परदेशात तयार झालेला माणूस मायभूमीकडे पाठवण्याचा तो आरंभीचा नमुना.

आज शिकागो, कॅलिफोर्नियातलं टर्लॉक, सिडनी इथल्या असिरियन मंडळ्यांत अडचण उलटी आहे: आजीला सूरेतमध्ये प्रार्थना हवी, नातवाला ती कळत नाही. म्हणून पाळकाला दोन भाषांत उपदेश तयार ठेवावा लागतो. इराणमध्ये असिरियनांना संविधानाने मान्यता आहे. असिरियन आणि खाल्डियन (रोमशी जोडलेले सिरियाक ख्रिस्ती) मिळून संसदेत एक जागाही आहे. उपासना सूरेतमध्ये असेल तोवर सहसा चालू दिली जाते. फारसीत सुरू झाली की दडपण येतं. 2009 साली तेहरानच्या शाहरारा भागातल्या असिरियन पेंटेकॉस्टल मंडळीला फारसी उपासनेमुळे हेच दडपण भोगावं लागलं.