बहिणीला किडनी दे, मग सुटका!

लुटीत हाती लागले म्हणे 11 डॉलर, आणि शिक्षा दोघी बहिणींना डबल जन्मठेप. अमेरिकेतल्या मिसिसिपीची ही केस, 1993 ची. जेमी आणि ग्लॅडिस स्कॉट 16 वर्षं आत होत्या, त्यात जेमीच्या दोन्ही किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं, खर्च वर्षाला जवळजवळ 2 लाख डॉलर आणि तो सगळा सरकारच्या गळ्यात. मग डिसेंबर 2010 मध्ये गव्हर्नर हेली बार्बर यांनी शिक्षा थांबवली, पण ग्लॅडिसला अट घातली, बहिणीला किडनी द्यायची.

आता खरं सांगायचं तर किडनी देते हे ग्लॅडिस आधीच स्वतःहून म्हणाली होती. मग प्रॉब्लेम काय?

प्रॉब्लेम असा की जिवंत डोनरला ऑपरेशन थिएटरच्या दारातूनही मागे फिरता आलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी डॉक्टर डोनरशी एकट्याने बोलतात, त्याला नको असेल तर घरच्यांना नुसतं 'हे डोनर म्हणून बसत नाहीत' एवढंच सांगतात, म्हणजे घरात भांडणं नकोत. ग्लॅडिसने नाही म्हटलं असतं तर? नकारामागे जेल उभं असेल तर त्या होकाराला काय अर्थ राहतो!

बरं, शरीर काही सरकारी ऑर्डर ऐकत नाही. सख्ख्या भावंडांत टिश्यू (म्हणजे पेशींचा प्रकार) पूर्ण जुळायचा चान्स चारात एक, अजिबात न जुळायचाही चारात एक (हल्ली औषधांमुळे अर्धवट जुळली तरी चालतं ते वेगळं). इथे तर सुटकेच्या वेळी या टेस्टही झालेल्या नव्हत्या. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, आधी दोघींनी वजन कमी करा, जाड माणसाला भूल आणि जखम दोन्हीचा धोका जास्त. ऑपरेशन लांबतच गेलं.

एवढं होऊनही 2023 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात कायद्याचं बिल आलंच, कैद्यांनो, अवयव किंवा बोन मॅरो द्या आणि शिक्षेत 60 ते 365 दिवस सूट घ्या. अवयवाच्या बदल्यात काहीही मौल्यवान द्यायला अमेरिकेत 1984 पासून बंदी आहे, आणि कैद्याला दिवसापेक्षा मौल्यवान काय असतं? टीका झाली तशी सूट काढून टाकायची भाषा सुरू झाली.

युटा राज्याने 2013 मध्ये साधा रस्ता काढला, कैद्याने फॉर्म भरायचा, जेलमध्ये मेला तर अवयव द्यायचे, बदल्यात सूट वगैरे काही नाही.