थायरॉइडचा थकवा आणि रोजची मल्टिव्हिटॅमिन

‘थायरॉइड म्हटलं की थकवा आलाच, रोज एक मल्टिव्हिटॅमिन घ्या,’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. पटतो, कारण अर्धा खरा आहे. हाशिमोटो या थायरॉइडच्या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीवर उलटते आणि माणूस थकतो. पण औषधाने टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) आटोक्यात आल्यावरही थकवा हटत नसेल, तर कारण वेगळं शोधायला हवं.

बी१२चंच बघा. काही रुग्णांमध्ये प्रतिकारशक्ती जठराच्या अस्तरावरही उलटते. बी१२ शोषायला लागणारं प्रथिन तिथेच तयार होतं, ते कमी पडतं. मग मल्टिव्हिटॅमिनमधलं जेमतेम बी१२ अंगी लागत नाही. इंजेक्शन किंवा मोठ्या मात्रेची गोळी लागते. त्यातून फॉलिक अ‍ॅसिड भरपूर पोटात जात असेल तर हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं, बी१२च्या कमतरतेने येणाऱ्या हातापायांच्या मुंग्या मात्र वाढत राहतात.

दुसरी अडचण रोजच्या सवयीतली. बऱ्याच मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह आणि कॅल्शियम असतं. सकाळी थायरॉक्सिनबरोबरच, म्हणजे थायरॉइडच्या औषधाबरोबरच, ती गिळली, तर थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही. म्हणजे थकव्यावरची गोळीच थकवा वाढवणार! दोन्हींत ४ तासांचं अंतर ठेवा.

पडताळणी अवघड नाही. आपणहून गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारून टीएसएच, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), बी१२, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या. नुसत्या हिमोग्लोबिनवर जाऊ नका. ते ठीक असतानाही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं. केसांसाठी बायोटिन (एक बी व्हिटॅमिन) चालू असेल तर तेही सांगा. त्यामुळे टीएसएच खोटं कमी दिसू शकतं, म्हणून तपासणीआधी निदान २ दिवस ते बंद ठेवायला सांगतात.