व्याख्यानानंतरचा चहा आणि वीज वाहणारे प्लॅस्टिक

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ ॲलन मॅकडायर्मिड 1975 साली अभ्यागत प्राध्यापक म्हणून जपानच्या क्योटो विद्यापीठात होते. त्याच मुक्कामात त्यांनी टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एक व्याख्यान दिले. गंधक आणि नायट्रोजन यांच्या साखळीपासून बनलेले, सोन्यासारखे चकाकणारे आणि धातू नसूनही वीज वाहणारे बहुवारिक (पॉलिमर, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ) हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. व्याख्यानानंतर ग्रीन टी घेता घेता तिथलेच संशोधक हिदेकी शिराकावा यांनी त्यांना आपल्याकडची एक चंदेरी फिल्म दाखवली. ती पॉलिॲसिटिलीन या बहुवारिकाची, म्हणजे केवळ कार्बन आणि हायड्रोजन यांची होती.

ही फिल्म एका चुकीतून जन्मली होती. पॉलिॲसिटिलीन एरवी काळ्या भुकटीच्या रूपात मिळे. 1967 साली शिराकावांच्या प्रयोगशाळेत एका पाहुण्या संशोधकाने ठरल्यापेक्षा सुमारे हजारपट उत्प्रेरक वापरला आणि द्रावणाच्या पृष्ठभागावर चकाकणारा पापुद्रा धरला. शिराकावांनी तो टाकून दिला नाही, तर तापमान बदलले की तो कधी तांबूस, कधी चंदेरी का होतो, याचा चिकाटीने छडा लावला. या प्रकरणात मला सर्वांत मोलाचे वाटते ते हेच काम. मात्र चकाकी धातूची असली, तरी फिल्म धातूसारखी वीज वाहत नव्हती.

मॅकडायर्मिड यांनी अमेरिकी नौदलाच्या संशोधन कार्यालयाकडून निधी मिळवला आणि 1976 साली शिराकावा वर्षभरासाठी फिलाडेल्फियाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आले. विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ॲलन हीगर हे या कामातले तिसरे भागीदार. आधी फिल्म अधिकाधिक शुद्ध करण्याचा खटाटोप झाला, पण ती जितकी शुद्ध, तितकी तिची वाहकता कमी भरू लागली. मग अशुद्धीच वीज वाहायला मदत करत असेल तर? गंधक-नायट्रोजनच्या बहुवारिकात ब्रोमीनमुळे वाहकता वाढते, हे मॅकडायर्मिड यांना ठाऊक होते. 23 नोव्हेंबर 1976 रोजी तारा जोडलेल्या चंदेरी फिल्मवर ब्रोमीनची वाफ सोडण्यात आली आणि काही मिनिटांतच वाहकता लक्षावधी पटींनी वाढली.

पॉलिॲसिटिलीनच्या साखळीत कार्बनच्या अणूंमध्ये एकेरी आणि दुहेरी बंध आलटून पालटून येतात. त्यातील इलेक्ट्रॉन खच्चून भरलेल्या एसटीतल्या प्रवाशांसारखे असतात, कोणालाही हलायला जागा नसते. ब्रोमीन किंवा आयोडीन साखळीतून काही इलेक्ट्रॉन ओढून घेतात, तिथे जागा रिकामी होते, शेजारचा इलेक्ट्रॉन त्या जागी सरकतो आणि अशा रीतीने धन प्रभार साखळीभर फिरू लागतो. सिलिकॉनमध्ये परके अणू मिसळून त्याची वाहकता वाढवतात, त्याच्याशी याचे नाते असले, तरी इथे बाहेरचा पदार्थ कितीतरी मोठ्या प्रमाणात मिसळावा लागतो.

1977 साली हे संशोधन प्रसिद्ध झाले आणि 2000 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिघांना विभागून मिळाले. पॉलिॲसिटिलीन स्वतः हवेतल्या ऑक्सिजनने खराब होत असल्याने बाजारात फारसे आले नाही. मॅकडायर्मिड यांनी पुढे आपले लक्ष पॉलिॲनिलीनकडे वळवले. एकोणिसाव्या शतकापासून रंगद्रव्य म्हणून परिचित असलेला हा पदार्थ हवेत टिकतो आणि आम्लाच्या संपर्कात आला की वीज वाहू लागतो.