शिंगरू लुचायचं थांबलं, तर वाट बघू नका

घोडी रात्री सुखरूप व्याली. शिंगरू उठलं, लुचलं, सगळे निर्धास्त झोपले. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच शिंगरू आईकडे पाठ करून भिंत चाटत उभं, जीभ एका बाजूला लोंबलेली. अशा वेळी आम्हाला फोनवर हमखास ऐकू येतं, ‘काल तर चांगलं होतं हो.’ ते खरंच असतं. मेंदूचा त्रास जन्मतःच दिसतो असं नाही, पहिल्या दोन-तीन दिवसांत केव्हाही दिसू लागतो. हे पत्रक त्याच दिवसांसाठी आहे.

धडधाकट शिंगरू साधारण 1 तासात उभं राहतं, 2 तासांत लुचू लागतं, आणि 3 तासांत घोडीची वार पडते. यातलं काही लांबलं तर सकाळ होण्याची वाट न पाहता आम्हाला कळवा. पडलेली वार फेकू नका, झाकून ठेवा. ती सुजलेली, रंग बदललेली किंवा फाटून अर्धवट आलेली असेल, तर आम्हाला तिच्यावरून पुष्कळ कळतं.

पुढच्या दिवसांत शिंगराच्या आधी कास बघा. शिंगरू तासाला पाच-सात वेळा लुचतं, त्यामुळे कास मऊ असायला हवी. ती तट्ट भरली असेल, सडांतून दूध ठिबकत असेल आणि शिंगराच्या कपाळावर दूध वाळलं असेल, तर समजा ते कासेखाली जातंय, पण सड तोंडात धरत नाही. याहून बोलकी खूण आम्हाला माहीत नाही. निरुद्देश भटकणं, भिंतीला डोकं टेकणं, चमत्कारिक ओरडणं, न दिसल्यासारखं धडकणं, आडवं पडून पाय मारणं किंवा आकडी येणं, ही पुढची लक्षणं.

कारण बहुधा व्यायच्या वेळी प्राणवायू कमी पडणं हे असतं: वेत अडलं, किंवा वार आधीच सुटून लाल पिशवीसारखी पुढे आली. पण रक्तातली साखर उतरली, रक्तात जंतुसंसर्ग झाला, तरी शिंगरू अगदी असंच दिसतं. डोळे-हिरड्या पिवळ्या दिसल्या तर गोष्ट वेगळी. तेव्हा आईच्या चिकातूनच शिंगराच्या तांबड्या पेशी फुटत असू शकतात, म्हणून लुचणं थांबवून लगेच फोन करा. बाकीच्या कारणांतला फरक बाहेरून बघून ठरवता येत नाही, रक्त तपासावंच लागतं.

आम्ही येईपर्यंत शिंगरू कोरड्या, जाड गवतावर छातीवर बसतं ठेवा. आडवंच पडत असेल तर दर दोन तासांनी कूस बदला आणि डोळ्यांना गवत टोचू देऊ नका. ताप मोजा, 37.2 ते 38.9 अंश सेल्सिअस ठीक. आणि कृपा करून मान वर धरून बाटलीने दूध ओतू नका. लुचायची ताकद नसलेल्या शिंगराच्या फुफ्फुसात ते दूध जातं, आणि मग मेंदूपेक्षा न्यूमोनियाच जिवावर उठतो. चीक पिळून ठेवा, आम्ही नाकातून नळी घालून पाजू. पहिल्या काही तासांतला चीकच खरा उपयोगी. 24 तासांनंतर त्यातली प्रतिकारद्रव्यं आतड्यातून शोषली जात नाहीत, मग प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव) चढवावा लागतो.

उपचारात आकडी थांबवायला डायझेपाम किंवा मिडाझोलाम, नाकातून ऑक्सिजन, शिरेतून ग्लुकोज-सलाईन, गरजेनुसार प्रतिजैविकं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथले डॉ. जॉन मॅडिगन यांनी आणखी एक पद्धत रूढ केली. मऊ दोराचे वेढे छातीभोवती घालून 20 मिनिटं दाब द्यायचा. शिंगरू झोपी जातं, दोर सोडल्यावर काही वेळा लगेच कासेकडे वळतं. गर्भात शिंगराला गुंगीत ठेवणारी संप्रेरकं जन्ममार्गातल्या दाबाने ओसरतात, तोच दाब पुन्हा द्यायचा, असा यामागचा विचार आहे. सगळ्यांना गुण येतो असं नाही. मात्र बरगडी मोडलेली असेल किंवा श्वास लागला असेल तर हा दाब जीव घेईल, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ पाहून स्वतः करू नका.

वेळेत उपचार मिळाले आणि जंतुसंसर्ग नसला, तर बहुतेक शिंगरं पूर्ण बरी होतात. मात्र कास स्वतःहून शोधणं पुष्कळदा उशिरा परततं. तोवर नळीने पाजत, घोडीजवळच ठेवायचं.

फोन करताना एवढं सांगा: जन्माची वेळ, पहिल्यांदा कधी लुचलं, वार कधी पडली, आत्ताचा ताप, आणि कास कशी आहे.