डीएनएची अक्षरे, आरएनएचा क्रम: थोडी पार्श्वभूमी

1953 मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडली. ए, टी, जी, सी ही डीएनएची चार अक्षरे, म्हणजे त्याचे रासायनिक घटक. ए समोर टी, जी समोर सी हे ठरले, पण एक प्रश्न तसाच राहिला. डीएनए पेशीच्या केंद्रकात, तर प्रथिने बनतात केंद्रकाबाहेर, रायबोसोम नावाच्या सूक्ष्म कणांवर. मग निरोप पोचवतो कोण?

संशय आरएनएवर होता, म्हणजे डीएनएसारख्याच, पण टी ऐवजी यू हे अक्षर असलेल्या रेणूवर. पण पेशीतला बहुतेक आरएनए रायबोसोमचाच असतो, त्यामुळे सगळ्यांचे लक्ष तिकडेच. 1956 मध्ये वोल्किन आणि अ‍ॅस्ट्राखन यांना दिसले, की टी2 विषाणूची लागण झाल्यावर जिवाणूत जो नवा आरएनए बनतो, त्यातले अक्षरांचे प्रमाण विषाणूच्या डीएनएशी जुळते, जिवाणूच्या नाही. धागा हाती होता, पण त्याचे मोल कळायला 1960 उजाडावे लागले. पुढच्याच वर्षी ब्रेनर, जेकब आणि मेसेल्सन यांनी अल्पायुषी निरोप्या आरएनएचा पुरावा दिला.

तरीही प्रमाण जुळले म्हणजे क्रम जुळला असे नव्हे. तीच अक्षरे कशीही मांडता येतात. ही फट बुजवली हॉल आणि स्पीगलमन यांनी, 1961 मध्येच. त्यांनी टी2 चा डीएनए तापवून त्याचे दोन्ही धागे सुटे केले, त्यात लागणीनंतरचा आरएनए मिसळला आणि मिश्रण सावकाश थंड होऊ दिले. आरएनए टी2 च्या धाग्याला जाऊन चिकटला. परक्या डीएनएला मात्र नाही. माझ्या मते या सगळ्या कथेतला सर्वांत देखणा प्रयोग हाच.

डीएनएवरून आरएनए बनण्याचा नियम तसा सोपा आहे. डीएनएचा जो धागा वाचला जातो, त्या साच्याच्या धाग्यावर टीएसी असेल, तर समोर एयूजी बनते (दोन्ही धाग्यांच्या दिशा उलट असतात, हे विद्यार्थी हमखास विसरतात). गंमत अशी, की आरएनए दिसतो तो साच्यासारखा नव्हे, तर न वाचलेल्या दुसऱ्या धाग्यासारखा. फक्त टी च्या जागी यू.

1970 मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे दाखवले, की काही विषाणू आरएनएवरून डीएनए बनवतात. प्रयोगशाळांना हे काम करणारे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) फार सोयीचे पडले, कारण आरएनए नाजूक, आणि क्रम वाचायला त्याची डीएनए प्रत बरी. म्हणूनच सार्स-कोव्ह-2 या आरएनए विषाणूचा 29,903 अक्षरांचा संदर्भ क्रम जेनबँकेत, म्हणजे जनुकीय क्रमांच्या सार्वजनिक संग्रहात, एटीटीएएएजीजी असा सुरू होतो. यू त्यात एकदाही येत नाही.